आजोबांच्या फोनला मराठी बोलायला लावा

हे काम कोहमाऱ्याच्या चौकात किंवा महामार्गालगतच्या ओसरीवर बसून करू नका. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून साकोलीकडून देवरीकडे जाणाऱ्या ट्रकांच्या आवाजात फोनचं बोलणं ऐकूच येणार नाही. घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत या, टीव्ही बंद करा आणि टेबलावर चार वस्तू मांडा: फोन, चार्जर, तारेचा इअरफोन आणि टिकल्यांचं पाकीट. टिकल्या कशाला, ते पुढे कळेल.

ज्यांना दिसत नाही आणि ज्यांच्यासाठी हा फोन तयार करायचा आहे, त्यांना आपण सोयीसाठी आजोबा म्हणू. तुमच्या घरी ती आई असेल, काका असतील किंवा दहावीतली मुलगी असेल. क्रम सगळ्यांसाठी हाच आहे. आधी तुम्ही डोळ्यांनी करायची तयारी, मग आजोबांच्या बोटांची पाळी. ही अदलाबदल करू नका, कारण पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक एकदा सुरू झालं की तुमच्या सवयीचा फोनसुद्धा तुमचं ऐकत नाही!

तुमची तयारी

१. फोन चार्जिंगला लावा. आवाज उतरवून घ्यायला नेट आणि वेळ दोन्ही लागतात. मध्येच बॅटरी संपली तर सगळं पुन्हा करावं लागेल.

२. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ उघडा आणि अँड्रॉइडची आवृत्ती बघा. ११ किंवा त्यापुढची असेल तर उत्तम. त्याहून जुनी असेल तर दोन आणि तीन बोटांच्या काही खुणा चालणार नाहीत, एका बोटाच्या मात्र सगळ्या चालतील. तेवढ्यासाठी नवा फोन घ्यायला धावू नका.

३. प्ले स्टोअर उघडा आणि ‘अँड्रॉइड अ‍ॅक्सेसिबिलिटी सूट’ शोधून अपडेट करा. टॉकबॅक यातच असतं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते फोनसोबतच येतं आणि अपडेट दिसत नाही. तसं असेल तर पुढे चला.

४. तिथेच गुगलचं ‘स्पीच रेकग्निशन अँड सिंथेसिस’ शोधा आणि तेही अपडेट करा. टॉकबॅक काय बोलायचं ते ठरवतं, आवाज मात्र इथून येतो. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही.

५. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘टेक्स्ट टू स्पीच’ लिहा आणि आलेला पर्याय उघडा. प्रत्येक कंपनीने हा पर्याय वेगळ्या कोपऱ्यात ठेवला आहे, म्हणून यादीत भटकू नका, शोधपट्टीच वापरा.

६. पसंतीचं इंजिन म्हणून गुगलचं निवडा.

७. त्याच्या बाजूचं चक्राचं चिन्ह दाबा आणि आवाजाचा डेटा उतरवायच्या यादीत ‘मराठी (भारत)’ शोधून उतरवून घ्या. या पायरीवर घाई नको. उतरवणं पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत थांबा, नाहीतर नेट गेलं की आवाज अडखळेल किंवा मुकाच होईल. कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे जंगलाच्या वाटेला निघालात तरी आवाज फोनमध्येच हवा.

८. मागे या आणि भाषा म्हणून मराठी निवडा. ‘फोनची भाषा वापरा’ एवढ्यावर सोडू नका.

९. बोलण्याच्या वेगाची पट्टी थोडी डावीकडे सरकवा. पहिल्या आठवड्यात आवाज संथ हवा. हात बसला की आजोबाच म्हणतील, ‘वाढव गा थोडा.’

१०. नमुना ऐकवायचं बटण दाबा आणि तो आवाज आजोबांना ऐकवा. दोन-तीन आवाज असतील तर निवड त्यांची. दिवसभर तो आवाज कानात त्यांच्या राहणार आहे, तुमच्या नाही.

११. आता फोनची भाषा ठरवा. आजोबा मराठीतच वावरत असतील तर सेटिंग्जमधल्या भाषांमध्ये मराठी जोडून ती यादीत सगळ्यांत वर ओढा, म्हणजे बटणांची नावंही मराठीत ऐकू येतील. ते नोकरीत इंग्रजी फोन वापरत आले असतील तर मात्र ही पायरी सोडा. हाताच्या सवयीची भाषा बदलणं म्हणजे त्यांना पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवणं.

१२. पडदा बंद होण्याची वेळ पाच मिनिटांवर न्या. तीस सेकंदांवर ठेवली तर आजोबा बटण शोधत असतानाच फोन झोपेल.

१३. पडदा आपोआप आडवा होणं बंद करा. फोन हातात जरा कलला तरी सगळी बटणं जागा बदलतात, आणि बोटाने लक्षात ठेवलेलं सगळं वाया जातं.

१४. शोधपट्टीत ‘नॅव्हिगेशन’ लिहा आणि खाली तीन बटणं दाखवणारा पर्याय निवडा. पडद्याच्या तळाशी मधोमध ‘होम’ कायम सापडतं, हा नवशिक्या बोटांना मोठा आधार आहे.

१५. पहिल्या पडद्यावरचा पसारा काढून टाका. घड्याळ, हवामान, खरेदीची दुकानं, खेळ, सगळं. अ‍ॅप फोनमधून काढायची गरज नाही, फक्त पडद्यावरून हटवा.

१६. चार कोपऱ्यांत चारच चिन्हं ठेवा. डावीकडे खाली फोन, उजवीकडे खाली व्हॉट्सअ‍ॅप, बाकी दोन आजोबांना विचारून. कोपरा बोटाला कडेवरून चटकन सापडतो, मधलं चिन्ह शोधावं लागतं. आणि एकदा ठेवलेली चिन्हं पुन्हा हलवू नका. घरातल्या पोरांनाही हे आत्ताच सांगून ठेवा.

१७. संपर्कांची नावं देवनागरीत आणि हाक मारतो तशी लिहा: ‘गोंदियाचा भाचा’, ‘साकोलीची ताई’, ‘सडक अर्जुनी दवाखाना’. इंग्रजी अक्षरांतली अर्धवट नावं फोन चमत्कारिक वाचतो आणि आजोबांना कोणाचा फोन आहे तेच कळत नाही.

१८. बोटाच्या ठशाने कुलूप उघडायची सोय करा आणि ठसा आजोबांचाच घ्या, दोन्ही हातांच्या बोटांचा. फोन कधी या हातात असतो, कधी त्या.

१९. पॉवर बटणाच्या शेजारी, कव्हरवर, एक टिकली चिकटवा. आवाजाच्या बटणांपाशी दोन. नक्षीची, खरखरीत टिकली निवडा. पडदा, कॅमेरा आणि ठशाची जागा यांवर मात्र एकही लावू नका.

वाचवणारी कळ

२०. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडा. काही फोनवर याच जागी ‘सुलभता’ किंवा ‘प्रवेशयोग्यता’ लिहिलेलं असतं.

२१. ‘टॉकबॅक’ उघडा, पण वरचं मोठं बटण अजून दाबू नका.

२२. त्याखालचा ‘शॉर्टकट’ सुरू करा आणि ‘आवाजाची दोन्ही बटणं दाबून ठेवणे’ हा पर्याय निवडा. पडद्यावर तरंगणारं बटण निवडलं गेलं असेल तर त्याची खूण काढा. न दिसणाऱ्या माणसाला तरंगणारं बटण अडचणच करतं.

२३. आता आवाज वाढवायचं आणि कमी करायचं अशी दोन्ही बटणं एकदम दाबून तीन-चार सेकंद धरा. फोन परवानगी विचारेल.

२४. परवानगी द्या. फोन बोलू लागेल! पहिल्यांदा सुरू झाल्यावर तो स्वतःहून शिकवणी उघडण्याची शक्यता आहे. त्यातून बाहेर पडायचं बटण आता एका स्पर्शाने चालणार नाही. एकदा स्पर्श करा, नाव ऐका, मग दोनदा टकटक करा. गोंधळलात तर पुढची पायरी आहेच.

२५. तीच दोन बटणं पुन्हा धरा आणि टॉकबॅक बंद करा. बंद झालं ना? हे जमल्याशिवाय पुढे जायचं नाही. सुरू करता येतं पण बंद करता येत नाही, एवढ्यावर कितीतरी घरांत हा फोन आठवडाभर कपाटात पडून राहतो.

२६. अ‍ॅक्सेसिबिलिटीतच ‘पॉवर बटणाने कॉल बंद’ असा पर्याय शोधून सुरू करा. पडद्यावरचं लाल बटण शोधण्यापेक्षा टिकलीजवळचं बटण दाबणं शंभर पटीने सोपं.

आता आजोबांची बोटं

इथून पुढे तुमचे हात मागे. फोन आजोबांच्या डाव्या हातात, बोट त्यांच्या उजव्या हाताचं. ते चुकले तरी फोन काढून घेऊ नका. तुम्ही एकदा करून दाखवलेलं त्यांना दिसत नाही, त्यांनी एकदा केलेलं मात्र बोटात राहतं. सांगायचं ते तोंडाने सांगा, आणि ‘इथे’, ‘तिथे’ असे शब्द टाळा. ‘खाली डाव्या कोपऱ्यात’, ‘वरच्या कडेपासून दोन बोटं खाली’ असं बोला.

२७. आजोबांना टिकल्या चाचपू द्या. पॉवरची एक, आवाजाच्या दोन.

२८. आवाजाची दोन्ही बटणं त्यांनाच दाबून धरू द्या. टॉकबॅक सुरू झाल्याचं फोन बोलेल.

२९. एक बोट पडद्यावर टेकवून हळूहळू फिरवायला सांगा. बोटाखाली जे येईल त्याचं नाव ऐकू येतं. फक्त ऐकायचं, काहीही उघडत नाही, काहीही बिघडत नाही. हे वाक्य त्यांना दोनदा सांगा, कारण भीती असते ती हीच. या पायरीला वेळ द्या. चारही कोपरे त्यांचे त्यांना सापडेपर्यंत फिरू द्या.

३०. डाव्या खालच्या कोपऱ्यात ‘फोन’ ऐकू आलं की बोट उचलायला सांगा.

३१. आता एका बोटाने दोनदा टकटक. दारावर मारतो तशी, झटपट आणि हलकी. फोन उघडेल. इथे जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट चुकतो: त्याच चिन्हावर नेम धरून टकटक करायला जातो, बोट शेजारी पडतं आणि भलतंच निवडलं जातं. नेमाची गरज नाही. नाव ऐकून झालं की टकटक पडद्यावर कुठेही करा, मधोमध केली तरी चालते. दोन टकटकींमध्ये वेळ जास्त गेला तर मात्र फोन त्यांना दोन वेगळे स्पर्श समजतो.

३२. तळाशी मधोमध बोट नेऊन ‘होम’ शोधायला सांगा आणि पुन्हा दोनदा टकटक. आलं की नाही मूळ जागी? कुठेही हरवलं की इथेच परत यायचं.

३३. आता बोट डावीकडून उजवीकडे चटकन ओढायला सांगा. पुढची वस्तू वाचली जाते. उजवीकडून डावीकडे ओढलं की मागची. ओढ झटक्याची हवी. सावकाश ओढलं तर फोनला ते नुसतं फिरवणं वाटतं.

३४. लांब यादी सरकवायला दोन बोटं टेकवून वर किंवा खाली ओढायची. बोटांमध्ये जागा सोडा. चिकटलेली दोन बोटं फोन एकच समजतो.

३५. बडबड थांबवायला दोन बोटांनी एकदाच हलका स्पर्श. हे आजोबांना मनापासून आवडेल!

३६. इथे थांबा. चहा घ्या. एका बैठकीत याहून जास्त शिकवलं तर सगळंच निसटतं. पुढचं दुसऱ्या दिवशी.

फोन घेणं, फोन लावणं

३७. दुसऱ्या खोलीत जा आणि तुमच्या फोनवरून आजोबांना फोन लावा. आधी त्यांना सांगून ठेवा, नाहीतर घंटी आणि टॉकबॅकचा आवाज एकदम आला की दचकायला होतं.

३८. नाव ऐकू आलं की त्यांनी दोन बोटांनी दोनदा टकटक करायची. फोन उचलला जातो.

३९. बोलून झालं की टिकलीजवळचं पॉवर बटण एकदा. फोन बंद. हीच जोडी हात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा करा.

४०. फोन लावायला आजोबांना मदतनीसाला, म्हणजे गुगल असिस्टंटला, आवाज देऊ द्या. सेटिंग्जमध्ये गुगल असिस्टंट उघडून भाषांमध्ये मराठी निवडा आणि ‘हे गुगल’ ही हाक आजोबांच्या आवाजात नोंदवा. नव्या फोनवर असिस्टंटच्या जागी जेमिनी असेल, त्यालाही हाक हीच.

४१. आजोबांना म्हणू द्या: ‘हे गुगल, साकोलीची ताईला फोन लाव.’ वाक्य आखूड ठेवायचं आणि नाव संपर्कात लिहिलंय तसंच घ्यायचं. झाडीबोलीतलं वाक्य त्याला उमगलं नाही तर आजोबांची बोली बदलायला जाऊ नका, संपर्काचं नाव बदला. ते ज्या नावाने हाक मारतात तेच नाव फोनमध्ये असू द्या.

४२. असिस्टंटने भलत्यालाच फोन लावला तर घाबरायचं नाही, पॉवर बटण दाबायचं. तातडीच्या वेळी मात्र असिस्टंटवर विसंबू नका. ११२ हा क्रमांक अंकांच्या पाटीवर बोटाने शोधून लावायचा सराव करून घ्या, फक्त शेवटचं हिरवं बटण दाबू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर बोलका निरोप

४३. उजव्या खालच्या कोपऱ्यातून व्हॉट्सअ‍ॅप उघडायला सांगा.

४४. बोट झटक्याने उजवीकडे ओढत हव्या त्या नावापर्यंत जायचं आणि दोनदा टकटक.

४५. पडद्याच्या उजव्या खालच्या बाजूला ‘व्हॉइस मेसेज’ असं ऐकू येईपर्यंत बोट फिरवायचं.

४६. दोनदा टकटक करायची, पण दुसऱ्या वेळी बोट उचलायचं नाही. धरून बोलायचं, संपल्यावर सोडायचं. बोट मध्येच उचललं की अर्धा निरोप तसाच जातो. गेला तर जाऊ द्या, उरलेला दुसऱ्या निरोपात सांगा.

नोटा आणि रस्ता

४७. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे अ‍ॅप प्ले स्टोअरवरून उतरवा आणि भाषा मराठी निवडा. १ जानेवारी २०२० रोजी आलेलं हे अ‍ॅप कॅमेऱ्यासमोरची नोट किती रुपयांची ते सांगतं. एकदा उतरवल्यावर त्याला नेट लागत नाही, त्यामुळे दुकानाच्या काउंटरवरही चालतं.

४८. नोट सपाट करून टेबलावर ठेवायला सांगा. चार घड्या घातलेली नोट ओळखायला फोन अडतो.

४९. फोन नोटेच्या वर एक वीतभर उंचीवर धरून थांबायचं. खोलीत दिवा लावा. आजोबांना अंधार-उजेड सारखा असला तरी कॅमेऱ्याला उजेड लागतो, आणि हे घरातले लोक हमखास विसरतात.

५०. रक्कम ऐका. गर्दीत आवाज नको असेल तर हे अ‍ॅप कंपनातूनही रक्कम कळवतं. पण नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही. अनोळखी माणसाकडून मोठी नोट घेताना ओळखीच्या दुकानदारालाही दाखवा.

५१. एसटीने गोंदियाहून गोरेगावमार्गे परत येताना आजोबांनी असिस्टंटला विचारायचं: ‘मी आत्ता कुठे आहे?’ फोनमधलं लोकेशन सुरू असलं पाहिजे, ते तुम्ही आधी बघून ठेवा. एका कानातच इअरफोन, दुसरा कान रस्त्याला आणि वाहकाला मोकळा. जंगलाच्या पट्ट्यात नेट तुटू शकतं, म्हणून गाडीत चढतानाच वाहकाला ‘कोहमाऱ्याला उतरवा जी’ असं सांगून ठेवायचं. पांढरी काठीही सोबत हवीच. फोन समोरचा खड्डा सांगत नाही.

पैशांचे व्यवहार

फोनवरून पैसे पाठवणं पहिल्या महिन्यात नकोच. बोटांना ओळख झाली की मगच, आणि तेव्हाही हे तीन नियम.

५२. पिन टाकण्याआधी इअरफोन लावायचा. टॉकबॅक बोटाखालचे अंक मोठ्याने वाचत असेल तर शेजारच्यालाही ऐकू जातात.

५३. पिन आजोबांनी स्वतः टाकायचा. दुकानदार, शेजारी, नातू, कोणालाच सांगायचा नाही. मदत करणाऱ्या तुम्हालासुद्धा नाही.

५४. पैसे गेल्यावर बँकेचा मेसेज टॉकबॅककडून वाचून घ्यायचा. दुकानदार म्हणतो म्हणून ‘झालं’ असं धरायचं नाही.

अडलं तर

५५. फोन अचानक मुका झाला? आधी आवाज वाढवायचं बटण काही वेळा दाबा. टॉकबॅकचा आवाज गाण्यांच्या आणि घंटीच्या आवाजापेक्षा वेगळा असतो, तो नकळत अगदी कमी झालेला असू शकतो.

५६. तरी बोलला नाही तर आवाजाची दोन्ही बटणं तीन-चार सेकंद धरा. कोणीतरी टॉकबॅक बंद केलेलं असेल, ते सुरू होईल.

५७. टॉकबॅक स्वतःहून वारंवार बंद पडत असेल तर सेटिंग्जच्या बॅटरी भागात जाऊन त्यावरची बंधनं काढा. बॅटरी वाचवायला काही फोन मागे चालणारं सगळंच बंद करतात, त्यात हेही सापडतं.

५८. तुम्हाला स्वतःला आजोबांच्या फोनमध्ये काही बघायचं असेल तर आधी त्यांना विचारा, मग दोन्ही बटणं धरून टॉकबॅक बंद करा, काम करा आणि तसंच दोन्ही बटणं धरून पुन्हा सुरू करा.

५९. फोन परत देण्याआधी ‘होम’ उघडा, बोट डाव्या खालच्या कोपऱ्यात ठेवा आणि ‘फोन’ हा शब्द तुम्ही स्वतः कानाने ऐका. मगच तो त्यांच्या हातात द्या.